जुन्या हॉबी १६ चा सडलेला सांगाडा, अलिबागकडचं एक वर्कशॉप आणि चार कोपऱ्यांत चार पेस्ट

आधीच सांगतो, आमच्या शिडाच्या बोटीची चौकट दुरुस्त करून दिली त्या वर्कशॉपचं नाव लिहिणार नाहीये. मालकानेच सांगितलंय, "नाव नको टाकू बाबा, आधीच लोकं दारात उभी आहेत, अजून मुंबईवाले नकोत." आणि दुसरं म्हणजे मी इथे दोन-तीन गोष्टींबद्दल कुरकुर पण करणार आहे, तर नाव नसलेलंच बरं. अलिबागच्या जवळपास खाडीकाठी आहे, पत्र्याची शेड, पाटी नाही, बाहेर ट्रॉलरचे पंखे आणि शाफ्ट पडलेले असतात. कोळीवाड्यात कोणालाही "पंखे सरळ करणारा मिस्त्री" विचारा, सांगतील.

आता बोटीबद्दल. आम्ही चौघांनी मिळून २०१७ मध्ये एक जुनी हॉबी १६ घेतली. एका रिसॉर्टने वॉटरस्पोर्ट्स बंद केले तेव्हा कोपऱ्यात पडली होती, ट्रान्समवर (पोटाच्या मागच्या सपाट टोकावर) कोरलेल्या नंबरचे शेवटचे दोन आकडे ९८, म्हणजे १९९८ ची, आम्ही घेतली तेव्हाच १९ वर्षांची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हॉबी १६ म्हणजे शिडाची छोटी कॅटामरान, साधारण ५ मीटर लांब, अडीच मीटरला थोडी कमी रुंद, वजन १४५ किलो. कॅलिफोर्नियाच्या हॉबी आल्टर नावाच्या सर्फबोर्डवाल्याने काढली, १९७० च्या आसपास बाजारात आली आणि आजवर जगात लाखाच्या वर विकली गेली. केळ्यासारखी वाकलेली दोन पोटं, म्हणजे पाण्यावर तरंगणारे दोन लांब भाग, खाली डॅगरबोर्ड, म्हणजे पाण्यात सोडायची फळी, वगैरे काही नाही, त्यामुळे सरळ वाळूवर चढवता येते. नागावसारख्या किनाऱ्याला यापेक्षा सोयीची बोट नाही असं माझं मत.

पण या बोटीची खरी ताकद पोटांत नाहीये, मधल्या चौकटीत आहे. घरी जुनी बाज बघितली असेल ना, चार खूर, कडेच्या चार पट्ट्या आणि मध्ये विणलेली नवार, अगदी तेच. पुढचा क्रॉसबार, मागचा क्रॉसबार, दोन बाजूच्या साइडरेल, चार कोपऱ्यांना चार कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचे जोड, आणि ती कास्टिंग पोटांतून वर आलेल्या चार पायलनवर, म्हणजे आखूड खांबांवर बसतात. नवारीच्या जागी ट्रॅम्पोलिन, म्हणजे ताणून बसवलेलं कापड. सगळं अॅल्युमिनियम, आणि ते एकत्र धरायला स्टेनलेसचे रिव्हेट आणि बोल्ट. पुढच्या क्रॉसबारवर डोलकाठी उभी असते, म्हणजे सगळा दाब त्या एका नळीच्या मधोमध. ती खाली वाकू नये म्हणून तिच्या पोटाखालून स्टेनलेसची एक सळई ताणून बसवलेली असते, मध्ये एक छोटा खांब, तिला डॉल्फिन स्ट्रायकर म्हणतात. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लक्षणं आम्हाला दोन वर्षं आधीपासून दिसत होती आणि आम्ही मस्तपैकी दुर्लक्ष केलं. लोखंड गंजलं की लाल होतं, माणूस घाबरतो, ब्रश घेतो, रंग मारतो. अॅल्युमिनियमचं तसं नाही, रिव्हेटच्या भोवती थोडी पांढरी भुकटी दिसते, रांगोळी सांडल्यासारखी, बोटाने पुसली की गेली. आमच्यातला एक जण बँकेत आहे, तो तर ठामपणे सांगायचा की अॅल्युमिनियमला गंज येतच नाही, घरची खिडकी बघ. मग कोपऱ्यातून कुरकुर आवाज यायला लागला, तर आम्ही म्हटलं वाळू असेल.

मार्च २०२२. दुपारचा वायव्येचा वारा छान भरलेला, आम्ही दोघं कुलाबा किल्ल्याच्या बाहेरून परत येत होतो, मी ट्रॅपीझच्या तारेवर बोटीबाहेर लटकलेला, आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यातून कट्ट असा आवाज आला. म्हणजे नारळ फोडल्यासारखा. बघतो तर डावं पोट आणि उजवं पोट वेगवेगळ्या लाटेवर आपापलं नाचतंय आणि पुढचा बार मध्ये खाली बसल्यासारखा दिसतोय. मोठं शीड उतरवलं, नुसत्या जिबवर, म्हणजे पुढच्या छोट्या शिडावर, हळूहळू किनारा गाठला. पोहता येतं, जॅकेट होतं, फार काही झालं नाही, पण आठ मीटरची डोलकाठी डोक्यावर येणार या विचाराने पोटात गोळा आला होता हे कबूल करतो.

पहिली चूक इथे झाली. आम्ही बोट घेऊन गेलो दुसऱ्याच एका गावातल्या फॅब्रिकेटरकडे, ग्रिल आणि गेट करणारा. त्याने बघितलं, क्रॅक दाखवली, "आर्गन मारून देतो, नवीन होईल." मारलं. वेल्डिंग दिसायला एक नंबर, नाणी एकावर एक रचल्यासारखी. आम्ही खूश. सहा आठवड्यांनी बार पुन्हा गेला, आणि वेल्डवर नाही गेला, वेल्डच्या बाजूला दोन बोटांवर गेला. नंतर कळलं की असं होणारच होतं. असले बार ज्या अॅल्युमिनियमचे असतात त्याची ताकद नुसत्या धातूची नसते, तो कारखान्यात उष्णता देऊन कडक केलेला असतो, टी सिक्स म्हणतात त्याला. वेल्डिंगच्या उष्णतेने ती कमावलेली ताकद बाजूच्या पट्ट्यात साधारण निम्मी होऊन जाते. खिडकीच्या ग्रिलला काय फरक पडतो, पण डोलकाठीखालच्या बारला पडतो. त्या बिचाऱ्या फॅब्रिकेटरची चूक पण म्हणत नाही मी, त्याला आम्ही सांगितलंच नव्हतं की यावर काय उभं राहणार आहे. पैसे गेले ते गेले.

मग कोणीतरी या मिस्त्रीकाकांचं नाव सांगितलं. पहिल्या भेटीत त्यांनी कशालाही हात लावला नाही, चहा मागवला, आमची वेल्डिंगची कथा ऐकून "हं" म्हणाले, मग एक टोच्या घेतला आणि प्रत्येक रिव्हेटच्या कडेला टोचत गेले. तीन ठिकाणी टोच्या सरळ आत गेला. मग रुपयाचं नाणं घेऊन बारवर टकटक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये टण टण आणि कोपऱ्याजवळ आलं की ठप्प. "ऐकलास? आत भरलाय." मग जे म्हणाले ते मला पाठ आहे: "ही बोट गंजली नाय. हिला बोल्टांनी खाल्ली."

मी इंजिनिअर नाही, पण त्यांनी समजावलं ते असं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि वरून खारं पाणी, म्हणजे झाली बॅटरी. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियममध्ये समुद्राच्या पाण्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असतो आणि त्यात नेहमी हरतो अॅल्युमिनियम, स्टेनलेस मजेत राहतं. म्हणूनच रिव्हेट चकचकीत आणि त्याच्या भोवतीचा बार भुकटी. "ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताचा तुकडा का लावतात ठाऊक आहे ना? पंख्याच्या जागी जस्ताने झिजावं म्हणून. तुमच्या बोटीला जस्त नाय. तुमच्या बोटीचं जस्त म्हणजे बोटच." मी लगेच हुशारी केली, मग लावूया की जस्त. तर ते नुसते हसले. जस्त पाण्यात बुडलेलं असेल आणि पलीकडचा धातू पण त्याच पाण्यात असेल तरच चालतं, आमची चौकट तर पाण्याच्या वर, नुसती भिजते आणि सुकते, तिथे जस्त लावणं म्हणजे दारावर लिंबू-मिरची.

वर्कशॉपला पहिले पूर्ण मार्क इथे. पहिल्या भेटीत एक रुपया घेतला नाही आणि "हे मी वेल्ड करणार नाय, कोणाकडे करू पण नको" हे स्पष्ट सांगितलं.

खोलायचं काम सुरू झालं जूनमध्ये. नऊ दिवस. नऊ दिवस फक्त एक कोपरा खोलायला, मी दोन शनिवार-रविवार तिथेच स्टुलावर बसून होतो म्हणून सांगतो. अॅल्युमिनियमची जी पांढरी भुकटी होते ना, ती मूळ धातूपेक्षा बरीच जास्त जागा घेते, त्यामुळे नळी कास्टिंगमध्ये अशी काही आवळून बसते की कुठून हलणार. आधी रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवली. स्टेनलेसला ड्रिल करताना घाई केली की ते जागच्या जागी कडक होतं आणि मग बिट नुसता फिरतो, धूर काढतो, म्हणून कोबाल्टचा बिट, कमी स्पीड, जोरात दाब आणि सारखं तेल. त्यांच्या पोराने एका दुपारी घाईत दोन बिट जाळले, काका काही बोलले नाहीत, फक्त तिसरा बिट स्वतः घेऊन बसले.

मग गोणपाट गुंडाळून वर उकळतं पाणी ओतायचं, कास्टिंग फुगली की लाकडाचा ठोकळा धरून ठोकायचं, रात्री डिझेल मुरवत ठेवायचं, सकाळी परत तेच. मी विचारलं गॅसची टॉर्च का नाही मारत, दोन मिनिटांत सुटेल. त्यांनी पत्र्याच्या एका तुकड्यावर कपडे धुवायच्या साबणाने रेघ मारली, खालून टॉर्च लावली, रेघ तपकिरी होत होत काळी पडली आणि तो तुकडा त्यांनी हाताने पापडासारखा वाकवून दाखवला. साबण काळा पडेपर्यंत तापला की अॅल्युमिनियम मऊ, आणि कडक केलेल्या नळीची ताकद तर त्याच्या खूप आधीच उतरायला लागते. त्यामुळे उकळतं पाणी, फार तर हॉट एअर गन. हा एक डेमो मला त्या वेल्डिंगच्या आधी मिळाला असता तर!

आतून काय निघालं? ओला चुना. खरंच, पानाला लावतात तसा, वाळू मिसळलेला, अंदाजे दोन मुठी. पुढच्या बारच्या डाव्या टोकाला आतून बोट घातलं तर भिंत कागदासारखी लागत होती, दोन ठिकाणी आरपार. डॉल्फिन स्ट्रायकरच्या सळईचा नट टोकाच्या टोपीमागे लपलेला असतो, तो अर्धा सैल. म्हणजे सळई ताणलेलीच नव्हती, बार कित्येक महिने एकटाच डोलकाठीचं ओझं वाहत होता. हे तपासायला खरं तर दोन मिनिटं लागतात, गवंडी बांधतात तशी दोरी बारच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणायची, डोलकाठी उभी असताना बार सरळ किंवा किंचित वर फुगलेला पाहिजे, खाली बसलेला असेल तर थांबा आणि नट बघा. आम्ही पाच वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

चारही कास्टिंग काकांनी साफ करून त्यावर लाल डाय मारला, मग पुसून वरून पांढरा डेव्हलपर. हे ते ट्रॉलरच्या शाफ्टसाठी ठेवतात, क्रॅक असली की पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तीन कास्टिंग कोऱ्या आणि पुढच्या डाव्या कास्टिंगवर केसाएवढी बारीक लाल रेघ, भोकापासून कडेपर्यंत. नुसत्या डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ही टेस्ट त्यांनी स्वतःहून केली, आम्ही मागितली नव्हती आणि बिलात पण लावली नाही.

आता प्रश्न, नवीन बार कुठून. बँकवाल्याने अॅल्युमिनियम सेक्शनच्या दुकानातून नळी आणायचा प्लॅन केला. स्लायडिंग खिडक्यांचं जे सेक्शन मिळतं ते बहुतेक ६०६३, दुकानदार त्याला एचई नाइन म्हणतात, दिसायला सुंदर पण कमी ताकदीचं. स्ट्रक्चरचं हवं तर एचई थर्टी मागायचं, म्हणजे ६०८२. काकांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि बारच्या मागच्या बाजूची खाच दाखवली, जिच्यात ट्रॅम्पोलिनची कड सरकवतात. गोल नळीला ती खाच कुठून आणणार? बाहेरून पट्टी रिव्हेट केली तर परत नवीन वीस भोकं आणि परत तीच बॅटरी. तर मूळचाच बार पाहिजे. परदेशातून मागवायचा तर बारपेक्षा भाडं जास्त. शेवटी गोव्यात एक जण सापडला ज्याच्या हॉबीची पोटं सडून मऊ झाली होती पण चौकट ठीक होती, कारण ती बोट आयुष्यभर शेडमध्ये. टेम्पोने आणली. पुढचा बार आणि एक कास्टिंग त्यातून घेतलं, काकांनी त्याची पण नाणं वाजवून आणि डाय मारून परीक्षा घेतली मगच हो म्हणाले.

स्टेनलेसबद्दल थोडं. आमचा समज की स्टेनलेस म्हणजे अमर. शिडाच्या तारा जिथे पोटाला धरतात त्या पट्ट्या वरून चहाचे डाग पडल्यासारख्या दिसत होत्या, एवढंच. काढल्यावर जो भाग फायबरच्या आत दाबलेला होता तिथे बारीक खड्डे आणि एकात नखभर चीर. स्टेनलेस टिकतं ते वरच्या एका अदृश्य थरामुळे आणि तो थर टिकायला हवा लागते, फटीत ओलं राहिलं आणि हवा मिळाली नाही की आतल्या आत पोखरतं. काकांनी ३१६ च पाहिजे म्हणून सांगितलं, ३०४ नको, ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं ते मिठाला दाद देत नाही. मी मुंबईत गुलालवाडीत गेलो, तिथे एका दुकानात मी खिशातून लोहचुंबक काढलं तर दुकानदार म्हणाला साहेब चुंबकाने ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही, मॉली टेस्ट करून देतो. थेंब टाकून, छोटी बॅटरी लावून, रंग बदलला तो दाखवला. पंधरा मिनिटांचं काम. तुम्ही घेणार असाल तर समोर करून मागा, लाजू नका.

आता काकांबद्दलची तक्रार. डॉल्फिन स्ट्रायकरची नवी सळई त्यांनी लेथवर केली, काम बघण्यासारखं, पण आटे पाडले मिलिमीटरचे, एम टेन. बोट अमेरिकन हिशोबाची, नट तीन अष्टमांश इंच. बसेचना. मी जुना नट नमुना म्हणून दिला होता, तो त्यांच्या डब्यात शंभर नटांत हरवला होता. मग चिडचिड, मग त्यांनी एम टेनचे नवे नट आणून बसवले, चालतंय, पण उद्या सुटा भाग मागवला तर तो लागणार नाही. दुसरी तक्रार वेळेची. "तीन आठवडे" म्हणाले होते, बोट मिळाली सप्टेंबरच्या शेवटी. फोन उचलत नाहीत, म्हणजे उचलतच नाहीत. अर्थात दोष आमचा पण आहे, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, सगळे ट्रॉलर तेव्हाच दुरुस्तीला वर ओढलेले असतात आणि त्यांना बंदी उठायच्या आत पाण्यात जायचं असतं. कोणाचं पोट त्यावर आहे आणि आम्ही हौशी, नंबर मागे जाणारच. तिसरी, पक्कं बिल मिळत नाही. वहीच्या पानावर हिशोब. आमच्यातल्या डॉक्टरला हे अजून पचलेलं नाही.

रिव्हेटसाठी मात्र आमचा वाद झाला. मी वाचून गेलो होतो की डोलकाठीच्या कामात मोनेलचे रिव्हेट वापरतात, निकेल-तांब्याचा धातू, समुद्रात पक्का आणि स्टेनलेसपेक्षा मऊ त्यामुळे नीट बसतो. काका म्हणाले मोनेल पण अॅल्युमिनियमला खाणारच, धातू बदलून काय होतंय, मधे आड काय ठेवतोस ते महत्त्वाचं. बरोबर होतं त्यांचं, पण रिव्हेट शेवटी मोनेलचे घेतले, मी हट्टी आहे. साध्या हाताच्या रिव्हेटरने असले जाड रिव्हेट ओढले जात नाहीत, त्यांच्याकडे हवेवर चालणारा होता. प्रत्येक भोकात आधी दोन धातूंच्या मधे आड म्हणून पेस्ट, मग रिव्हेट, मग बाहेर आलेली पेस्ट पुसायची नाही, तशीच ठेवायची. बोल्टांना डेलरिन नावाच्या कडक प्लास्टिकच्या बुश त्यांनी लेथवर करून दिल्या, नायलॉनच्या नाही, कारण नायलॉन पाणी पिऊन फुगतं.

आणि आता पेस्टचा मुख्य रिव्ह्यू, ज्यासाठी हे लिहायला बसलो खरं तर. चार कोपरे होते, चौघांची चार मतं होती, म्हणून पायलनच्या चार बोल्टांना चार वेगळ्या गोष्टी लावल्या आणि ऑक्टोबर २०२२ पासून मे २०२४ पर्यंत, म्हणजे दोन सीझन, हात लावला नाही.

पुढचा डावा: ड्युरालॅक. ब्रिटिश माल, पिवळी पेस्ट, क्रोमेट असतं त्यात. हातमोजे घालूनच लावायची, हे विषारी प्रकरण आहे, पोरंबाळं असतील तिथे ट्यूब उघडी ठेवू नका, वाळल्यावर घासून धूळ पण करू नका. कपड्याला लागली तर तो कपडा गेला. खोलताना बोल्ट ठोकावा लागला कारण पेस्ट बऱ्यापैकी घट्ट झाली होती, पण आतला धातू जसा ठेवला तसा. जे परत खोलायचं नाही, म्हणजे रिव्हेट वगैरे, त्याला हीच.

पुढचा उजवा: टेफ-जेल. पांढरं, टेफ्लॉनची पूड भरलेलं, वाळत नाही. छोट्या सिरिंजमध्ये येतं आणि किंमत ऐकून बायको म्हणाली चेहऱ्याला लावायचं आहे का. आमचं एका नातेवाइकाने अमेरिकेतून आणलं. बोल्ट पान्याने सैल झाला आणि मग हाताने फिरवून बाहेर. एक कण भुकटी नाही. जे दर वर्षी खोलायचं, त्याला हे, आणि लागतं इतकं थोडं की एक सिरिंज अजून अर्धी आहे.

मागचा डावा: लॅनोलिन. मेंढीच्या लोकरीचं मेण. बाहेर बोटींसाठी डब्यात मिळतं पण आम्ही मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवरून औषधवाल्यांकडचं साधं लॅनोलिन आणलं, अर्धा किलो, वरच्या दोघांच्या मानाने फुकटच. चिकट, मेंढीचा वास येतो, वाळू धरून ठेवतं. पण बोल्ट सुटला, भोकाच्या तोंडाशी फक्त थोडा पांढरा पट्टा. काकांनी वास घेऊन विचारलं हे काय, सांगितल्यावर म्हणाले आमच्याकडे ठेव थोडं. ठेवलं.

मागचा उजवा: ट्रॉलरवाले वापरतात ते साधं ग्रीस, काकांच्याच डब्यातलं. पहिल्या पावसाळ्यानंतरच धुऊन गेलं असावं. बोल्टभोवती परत रांगोळी सुरू, उकळतं पाणी ओतावं लागलं. काका आपल्या ग्रीसची बाजू घेत होते, शेवटी गप्प झाले. एक मात्र त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, ग्रॅफाइटचं किंवा तांब्याचं काळं-लाल ग्रीस अॅल्युमिनियमवर अजिबात नाही, ते स्वतःच स्टेनलेससारखं समोरच्याला खातं.

बोट परत नेल्यावर काका एकदा वाडीत येऊन गेले, सुपारीच्या झाडांखाली बोट ठेवतो तिथे. आम्ही अभिमानाने दाखवलं की बघा, दर वेळी समुद्रातून आली की गोड्या पाण्याने धुतो. त्यांनी पाइपचं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात घातलं आणि थुंकलं. "मचूळ आहे." बोअरचं पाणी! आम्ही पाच वर्षं मिठाची बोट मिठाच्या पाण्याने धूत होतो, आणि वर ताडपत्री घट्ट बांधून आत घाम जमवत होतो. आता पावसाचं पाणी पिंपात साठवतो, ते संपलं की विहिरीचं, आणि ताडपत्रीखाली बांबू घालून हवा खेळती ठेवतो.

खर्च: वर्कशॉपची मजुरी साडेअठरा हजार, गोव्याची चौकट टेम्पोसकट बावीस, स्टेनलेस, रिव्हेट आणि पेस्ट मिळून नऊ-दहा हजार. चौघांत वाटून ठीक आहे. पहिल्या वेल्डिंगचे चार हजार यात धरलेले नाहीत, ते आम्ही विसरायचा प्रयत्न करतोय.

तारे द्यायचे तर कामाला पाच, वेळेला एक, फोनला शून्य. मी परत जाणार का, गेलोच आहे, गेल्या महिन्यात रडरची, म्हणजे सुकाणूची, कास्टिंग टाकून आलो. "पंधरा दिवस" म्हणालेत. तुम्ही गेलात तर जून-जुलै टाळा, नोव्हेंबरनंतर जा, पाठीशी लागायला स्वतः जाऊन स्टुलावर बसा, आणि बोट इंचातली असेल तर नमुन्याचा नट त्यांच्या हातात देऊ नका, दोरीत ओवून सळईलाच बांधून ठेवा.